नांग्या भरल्या तरी त्याच जागी रोप मरतं? पाणी वाढवण्याआधी खड्डा उकरा

द्राक्षाची नवी लागवड केलेल्यांकडून एप्रिल-मेमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. फेब्रुवारीत डॉगरिजची खुंटरोपं (ज्यांच्यावर पुढे द्राक्षाच्या जातीचं कलम बांधतात ती) लावली, सगळी फुटली, वीतभर वाढली, आणि मग काही जागी आहे तिथेच थांबली. पानं पिवळी पडली, शेंडा पुढे सरकेना. पाणी वाढवलं, वरून एकोणीस-एकोणीस खत दिलं, तरी फरक नाही. शेवटी रोप वाळलं. त्या रिकाम्या जागी, म्हणजे नांगीत, नवीन रोप आणून लावलं, तर महिन्या-दीड महिन्यात तेही त्याच वाटेने गेलं.

आमचं रान निफाड तालुक्यात. खालचा तुकडा काळ्या कसदार मातीचा, वरचा मुरमाड. खालच्या ३० गुंठ्यांत ९ बाय ५ फुटांवर ७२६ रोपं लावली होती. पहिल्या उन्हाळ्यात साठेक नांग्या पडल्या, त्या भरल्या. त्यातली चाळीसच्या वर पुन्हा गेली. गेलेल्या रोपांना काठी रोवून खूण करत होतो, म्हणून एक गोष्ट डोळ्यांत भरली. काठ्या रानभर विखुरलेल्या नव्हत्या. तीन-चार ओळींच्या खालच्या टोकाला त्यांची दाटी होती आणि मध्ये एका ठिकाणी घोळका होता. रोपवाटिकेकडून खराब रोपं आली असती तर मर सगळीकडे सारखी दिसली असती. मर एकाच जागी परत परत येत असेल तर खोट त्या जागेत आहे, एवढं तेव्हा कळलं. तिसऱ्या खेपेला रोपं आणण्याआधी टिकाव घेऊन गेलो.

त्यानंतर शेजारपाजारच्या आणि पाहुण्यांच्या बऱ्याच बागा उकरून पाहिल्या. वरून पिवळं आणि थांबलेलं दिसणारं रोप खाली चार-पाच वेगवेगळ्या कारणांनी मरत असतं आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. काही ठिकाणी तर एकाचा उपाय दुसऱ्याला मारतो. त्यामुळे मोबाइलवर फोटो पाठवून "काय सोडू?" असं विचारलं की मी आधी खड्ड्याचा फोटो मागतो.

तीन खड्डे घ्या

एक मेलेल्या रोपाजवळ, एक थांबलेल्या रोपाजवळ आणि एक त्याच ओळीतल्या जोमदार रोपाजवळ. तिसरा खड्डा लोक टाळतात, चांगलं रोप कशाला हलवायचं म्हणून. पण तुलनेला तोच लागतो. खोडापासून सहा इंच सोडून दीड फूट खोल उकरा, एका बाजूने माती सोलत रोपाकडे जा. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी उकरलं तर जास्त कळतं.

सहा ते नऊ इंचांवरची मूठभर माती घ्या आणि दाबा. काळ्या मातीत बोटांना चिखल लागला, गोळा दाबल्यावर फुटण्याऐवजी चेपत गेला, तर रान ओलं आहे. गोळा झाला आणि अंगठ्याने दाबल्यावर फुटला, हाताला ओल लागली पण चिखल नाही, तर तो वाफसा. गोळाच होत नसेल तर कोरडं. मुरमाड रानात गोळा होत नाही, तिथे खडे गालाला लावून बघा, गारवा लागला पाहिजे. माझे चुलते आजही असंच करतात आणि त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिलेला नाही.

मग मुळं बघा. जोमदार रोपाच्या बारीक मुळांची टोकं पांढरी, भरीव असतात. थांबलेल्या रोपाचं बारीक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. साल मोज्यासारखी निघून आली आणि हातात दोऱ्यासारखी आतली शीर राहिली, तर मूळ कुजलेलं आहे. मूळ तपकिरी पण कडक असेल, मोडताना कट्‌ आवाज येत असेल, तर ते वाळलेलं आहे. कुजलेलं की वाळलेलं, हा फरक मिळाला की अर्धं काम झालं. माती नाकाजवळ नेऊन वासही घ्या. नाल्याच्या गाळासारखा आंबट-कुबट वास आला तर तिथे बरेच दिवस हवा पोचलेली नाही.

खड्डा ओला, मुळं कुजलेली

माझ्या खालच्या तुकड्यात हेच निघालं. वरची चार इंच माती भेगाळलेली, कोरडी. ती बघूनच मी पाणी वाढवत होतो. खाली फूटभरावर मात्र चिखल, निळसर करडा, वास मारणारा.

कारण असं की काळ्या रानात आपण जेसीबीने अडीच-तीन फूट खोल चर काढतो. चराच्या दोन्ही भिंती चिकणमातीच्या आणि जेसीबीच्या बकेटने घासून गुळगुळीत झालेल्या. तळाशी कडक थर. त्यात आपण शेणखत, पोयटा, सुपर फॉस्फेट मिसळलेली भुसभुशीत माती भरतो. म्हणजे पाणी आत जायला वाट मोकळी आणि बाहेर पडायला वाटच नाही. तो चर राहत नाही, लांबलचक हौद होतो. ओळीला थोडाही उतार असेल तर पाणी चरातल्या चरात सरकत खालच्या टोकाला जमतं. माझ्या काठ्यांची दाटी खालच्या टोकाला का होती याचं उत्तर ते. मधल्या घोळक्याच्या जागी चराचा तळ खोल गेला होता, तिथे खोलगट थाळी झाली होती.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांचा श्वास कोंडतो, बारीक मुळं आधी मरतात. ती मेली की भोवती पाणी असून रोपाला उचलता येत नाही. त्यामुळे दुपारी असं रोप तहानलेल्या रोपासारखंच मान टाकतं. आपण व्हॉल्व्ह उघडतो आणि त्याला आणखी खाली ढकलतो.

वरून ओळखायला एक खूण आहे. वाढत्या फुटीवर शेंड्याजवळचे तणावे बघा, ज्यांना आपण बाळ्या म्हणतो. जोमात असलेल्या फुटीच्या बाळ्या शेंड्याच्या पुढे निघालेल्या, लवलवीत असतात. वाढ मंदावली की शेंडा आणि बाळी बरोबरीत येतात, मग बाळी पिवळी पडून गळते. साध्या तहानेत बाळी दुपारी लोंबते आणि पाणी मिळाल्यावर सकाळपर्यंत उभी राहते. सकाळी सातलाही ती उभी नसेल तर पाणी देऊ नका, उकरा.

उपाय पाण्याला बाहेर काढण्याचा. मी काय केलं ते सांगतो. त्या ओळींना पाणी पूर्ण बंद केलं, नऊ दिवस. घरच्यांना ते क्रूर वाटलं, कारण मेचं ऊन होतं. पण चौथ्या दिवशी उकरलं तरी फूटभरावर चिखलच होता. त्या दिवसांत ओळींच्या खालच्या टोकाला आडवा चर मारला, लागवडीच्या चरापेक्षा अर्धा फूट खोल, आणि तो बांधाकडच्या ओघळीला जोडला. पहिल्या ओळीचा शेवटचा मातीचा पडदा कुदळीने फोडला तेव्हा करंगळीएवढी पाण्याची धार लागली आणि संध्याकाळपर्यंत चालू राहिली. मे महिन्यात, पाऊस नसताना. ते सगळं मीच दिलेलं पाणी होतं. आडव्या चरात खाली दगडगोटे, वर मुरूम भरला, म्हणजे तो बुजत नाही. मधल्या थाळीच्या जागी रोपं काढून तळाचा कडक थर पहारीने फोडला आणि दोन पाट्या मुरूम टाकला.

कुजलेल्या मुळांवर बुरशीनाशक किंवा ट्रायकोडर्मा ओतण्याचा सल्ला लगेच मिळतो. ट्रायकोडर्मा मीही वापरतो, वाफसा आल्यावर. चिखलात औषध ओतणं म्हणजे आणखी दोनशे लिटर पाणी ओतणं, हे लक्षात घ्या.

खड्डा ओला, पण पिशवीचा गोळा कोरडा

हे सगळ्यांत फसवं. मेहुण्याचा दिंडोरी तालुक्यात मुरमाड तुकडा आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला.

"दाजी, रोपं पिवळीच आहेत. पाणी तर रोज सोडतोय."

"किती सोडतोस?"

"लाईट असते तोवर."

"उद्या सकाळी येतो. टिकाव काढून ठेव."

मला वाटलं त्याचंही माझ्यासारखंच असेल. उकरलं तर मुळं वाळलेली निघाली, कुजलेली नव्हे. भोवतीची माती ओली, आणि मधोमध पिशवीच्या आकाराचा लाल मातीचा गोळा विटेसारखा सुका. तो गोळा आम्ही फरशीवर आपटून फोडला. आतून धूळ निघाली, आणि मुळं पिशवीच्या बुडाशी चकलीसारखी गोल फिरलेली. रोप लावून दीड महिना झाला होता, एक मूळ गोळ्याबाहेर पडलेलं नव्हतं.

रोपवाटिकेतल्या पिशवीतली माती आणि आपल्या चरातली माती वेगळी असते. तो गोळा एकदा पूर्ण सुकला की पाणी त्याच्या आत शिरण्याऐवजी कडेने खाली निसटतं. त्यात ड्रिपर गोळ्यावर नसेल तर विचारायलाच नको. मेहुण्याच्या रानात ड्रिपर रोपापासून कुठे सहा इंच, कुठे फूटभर लांब होते. त्याने लावताना अगदी खोडाशी ठेवले होते, ते खरंही होतं. पण नळी दुपारच्या उन्हात तापून लांबते, नागमोडी पडते, आणि पहाटे गार होऊन आखडते. साठ मीटरच्या नळीत हा फरक टोकाला सहज वीतभर, कधी फूटभर होतो. रोज थोडं पुढे, थोडं मागे करत ड्रिपर रोपाला सोडून जातात. म्हणून नळी अंथरताना ती ऊन कलल्यावर, थंड असताना जागेवर घ्या आणि दर दोन-तीन रोपांआड तारेचे आकडे मारून दाबा. काही जण नळी सुरुवातीपासूनच तारेला टांगतात. तिथे वेगळी अडचण येते. ड्रिपरमधून निघालेलं पाणी नळीला चिकटून घरंगळत जातं आणि नळीला जिथे झोळ असेल तिथे पडतं, रोपाजवळ नाही. ड्रिपरच्या दोन्ही बाजूंना सुतळीची एकेक गाठ घट्ट बांधली की थेंब तिथेच तुटून खाली पडतो.

सुकलेल्या गोळ्याला ड्रिपने ओल येत नाही. हाताने द्यावं लागतं. बोटाएवढ्या जाड गजाने गोळ्यात दोन-तीन तिरकी भोकं पाडा, खोड सांभाळून, आणि मग अर्धा तास सोडून दोनदा, दोन-दोन लिटर पाणी सावकाश ओता. ७०० रोपांना हे काम दोन माणसांचे दोन दिवस खातं. तरीही करा. मेहुण्याने केलं, आणि पंधरा दिवसांत ज्यांची मुळं जिवंत होती त्यांनी नवीन पान काढलं.

नवीन रोप लावताना पिशवी फाडून गोळ्याच्या बाजू हाताने हलक्या कुस्करायच्या, बुडाशी गोल फिरलेली मुळं कात्रीने कापून टाकायची. मुळं कापायला जीव धजत नाही, पण ती तशीच राहिली तर वेल मोठी झाली तरी मुळं तिथेच घोटाळतात. लावण्याआधी पिशवी पाण्याच्या टोपलीत बुडबुडे थांबेपर्यंत धरायची. लावल्यावर पहिलं पाणी हाताने, रोपाला आठ-दहा लिटर, म्हणजे भोवतीची माती गोळ्याला चिकटून बसते आणि पोकळी राहत नाही.

सगळंच कोरडं

इथे चूक पोचवण्यात असते आणि ती मोजता येते. तासाला ४ लिटरचा ड्रिपर पंधरा मिनिटांत १ लिटर देतो. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घ्या, ओळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि टोकाला ड्रिपरखाली जमिनीत रोवा, घड्याळ लावून पंधरा मिनिटं चालवा. टोकाची बाटली साडेसहाशे मिलीवर थांबली तर त्या रोपांना ठरवल्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी मिळतंय. सगळ्या बाटल्या कमी भरल्या तर फिल्टर किंवा दाब बघा. एखादीच कमी असेल तर तो ड्रिपर चोंदलाय. टोकाच्याच कमी असतील तर नळ्यांची शेवटची टोकं सोडून गाळ वाहू द्या, पाणी नितळ येईपर्यंत. विहिरीचं पाणी जड असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी चुन्याचा पांढरा खडा धरतो, त्याला आम्लाची प्रक्रिया लागते. ते करताना आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही, आणि हातमोजे व चष्मा घालूनच.

पांढरा थर, पिवळा शेंडा, जळलेल्या कडा

पिवळेपणाची जागा बघा. सगळ्यांत कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, जाळीसारख्या उठून दिसत असतील तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात ही ठरलेली. मातीच्या ढेकळावर विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसून फेस आला तर चुना भरपूर आहे. अशा रानात जमिनीतून हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, दिलं तर ते थोड्याच दिवसांत बद्ध होतं, रोपाला मिळत नाही, आणि पैसे मातीत जातात. चिलेटेड लोह घेतानाही डब्यावरचं नाव वाचा. ईडीटीए प्रकारचं लोह आपल्या ८ च्या आसपास सामू असलेल्या मातीत टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचं टिकतं. ईडीडीएचए महाग असतं म्हणून दुकानात ईडीटीएच पुढे केलं जातं. आणि महत्त्वाचं म्हणजे चुनखडीचं रान सतत ओलं राहिलं की हा पिवळेपणा वाढतो. कितीतरी ठिकाणी दोन पाण्यांतलं अंतर वाढवल्यावर, काही न देता, शेंडे हिरवे झालेले मी पाहिलेत.

जुन्या पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी झाल्या असतील तर क्षारांकडे बघा. ड्रिपच्या ओल्या वर्तुळाच्या कडेला पांढरी रांगोळी दिसते, तो क्षार. पाणी त्यांना ढकलत वर्तुळाच्या काठावर नेऊन सोडतं. रोज थोडं थोडं पाणी दिलं तर वर्तुळ लहान राहतं आणि क्षार रोपाच्या अगदी जवळ साठतात. अशा पाण्याला मधूनच एकदा नेहमीच्या दुप्पट वेळ ड्रिप चालवून क्षार खाली-बाहेर ढकलावे लागतात, अर्थात निचरा असेल तरच. आणि मेमध्ये वळवाची हलकी सर आली की आपण ड्रिप बंद करतो, तिथे फसगत होते. सर काठावरचे क्षार विरघळवून मुळांकडे आणते. दुसऱ्या दिवशी पानं होरपळलेली दिसतात आणि आपण पावसाला दोष देतो. हलक्या सरीच्या वेळी ड्रिप चालू ठेवा, ओल बाहेरच्या दिशेने ढकलत राहते. लागवडीआधी माती आणि पाणी दोन्ही तपासून घेतलेलं असेल तर हे आधीच कळतं. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथल्या अहवालात पाण्याची ईसी (क्षारांचं माप) आणि मातीतला मुक्त चुना हे दोन आकडे आधी वाचा.

रोप हाताने उचललं की अलगद वर येतं, खाली मुळंच नाहीत, असं झालं तर हुमणी शोधा. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी जवळच सापडते. अर्धवट कुजलेलं शेणखत चरात भरलं की ती ओघाने येते. मुरमाड रानात पाचटाचं आच्छादन खोडाला टेकवलं तर उधई, म्हणजे वाळवी. जुनी बाग काढून त्याच ओळीवर लावलं असेल आणि मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, त्यासाठी मुळांसकट मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्या.

मग पाणी द्यायचं किती?

हा आकडा लोकांना हवा असतो, आणि मी दिलेला आकडा तुमच्या रानाला चालेल असं नाही. पण हिशेब कसा करायचा ते सांगतो. १ मिलिमीटर बाष्पीभवन म्हणजे १ चौरस मीटरवरून १ लिटर पाणी उडणं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दिवसाला ८ ते १० मिलिमीटर धरा. आता फूटभर वाढलेल्या रोपाची सावली दुपारी बारा वाजता मोजा. दीड फूट बाय दीड फूट, म्हणजे जेमतेम ०.२ चौरस मीटर. त्यातून दिवसाला २ लिटर उडतील. मातीच्या पृष्ठभागावरून उडणारं धरून ३ लिटर म्हणा. ४ लिटरच्या ड्रिपरने पाऊण तास.

आता लाईट असेतोवरचा हिशेब करा. रात्रीची पाळी, दोन ड्रिपर, चार तास, म्हणजे एका रोपाला ३२ लिटर. सहा पानांच्या पोराला दहा दिवसांचं पाणी एका रात्रीत. हे कुणी मुद्दाम करत नाही. रात्री दोनला उठून व्हॉल्व्ह फिरवायला कोण जाणार, आणि उद्या लाईट येईल की नाही याचा भरवसा नाही, म्हणून माणूस आहे तोवर चालू ठेवतो. मी स्वतः तेच करत होतो. दुसरं कारण असं की नव्या तुकड्याला वेगळा व्हॉल्व्ह नसतो, जुन्या बागेबरोबरच पाणी जातं. भरलेल्या वेलीची तहान आणि खुंटरोपाची तहान एका व्हॉल्व्हवर कधीच जुळणार नाही. नवीन लागवडीच्या खर्चात काही कमी करायचं असेल तर दुसरं काहीही करा, पण व्हॉल्व्ह वेगळा घ्या. रात्रीच्या पाळीसाठी साधा टायमर बसवला तरी भागतं.

मुरमाड रानात मी ते ३ लिटर रोज देतो, फार तर एक दिवसाआड ६. काळ्या रानात तिसऱ्या-चौथ्या दिवशी ९ ते १२ लिटर एकदम, आणि मधल्या दिवशी हात लावत नाही. काळ्या मातीला भिजायला आणि श्वास घ्यायला दोन्हीला वेळ लागतो. रोज पाऊण तास दिलं तर वरची चार इंच कायम ओली राहतात आणि मुळं तिथेच वर खेळतात. मग एक दिवस मोटर जळाली की दुपारी सगळं रान मान टाकतं.

ड्रिपरची जागाही बदलत न्यावी लागते. लावल्यावर पहिला महिना गोळ्यावर. नवी फूट फूटभर लांब झाली की सहा इंच बाजूला, पावसाळ्याच्या तोंडाला फूटभर लांब, दोन्ही बाजूंना एकेक. मुळं ओलीमागे जातात. ड्रिपर खोडालाच चिकटून राहिला तर बुंधा कायम भिजत राहतो आणि मुळं पसरत नाहीत.

नांगी पुन्हा भरताना

कारण सापडून दुरुस्त झाल्याशिवाय रोप लावू नका. चर भरल्यावर त्याला एकदा-दोनदा भरपूर पाणी देऊन माती बसू द्यावी लागते, नाहीतर रोप लावल्यावर माती रोपासकट खाली जाते, खोडाभोवती खळगा तयार होतो आणि त्यात पाणी साचतं. माझ्या बऱ्याच नांग्यांच्या जागी असा वाटीएवढा खळगा होता. आता मी चरावर फूटभर उंचीचा बोद, म्हणजे मातीचा उंचवटा, करून त्याच्या माथ्यावर लावतो. तयार कलमी रोपं लावत असाल तर कलमाचा जोड मातीच्या वर नऊ इंच-फूटभर राहील असं बघा. तो मातीत गेला तर वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात आणि खुंटासाठी केलेला सगळा खर्च वाया.

वेळेचंही भान ठेवा. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधी ५ अंशांच्या खाली जातो. त्या गारठ्यात लावलेलं रोप नुसतं बसून राहतं, मुळं हलत नाहीत, आणि दिलेलं पाणी तसंच साचतं. थंडी मोडल्यावर, फेब्रुवारीत लावलेलं रोप महिन्याभरात आधीच्याला गाठतं. नांग्या मेअखेरपर्यंत भरल्या तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कलम करण्यापुरती, पेन्सिलीएवढी जाडी मिळू शकते. त्यानंतर भरलेल्या नांगीवर त्याच वर्षी कलमाची घाई करू नका. बारीक काडीवर बांधलेलं कलम धरलं तरी फूट कमजोर निघते आणि पुढे रिकटनंतर (फूट परत छाटल्यावर) खोड आणि ओलांडे (आडव्या फांद्या) तयार करताना ती वेल मागेच राहते. तिथे पुढच्या फेब्रुवारीत तयार कलमी रोप लावणं मला जास्त पटतं.

पहिले तीन-चार आठवडे खत देऊ नका. मुळं गोळ्याबाहेर पडायच्या आधी दिलेलं खत गोळ्याच्या कडेला साठतं आणि बाहेर येणाऱ्या पहिल्या मुळाला चटका देतं. नवीन दोन पानं पूर्ण उघडली की थोडं थोडं सुरू करा.

खालच्या तुकड्यात आडवा चर काढल्यानंतरच्या जूनमध्ये ४४ नांग्या भरल्या. त्यातल्या तीन गेल्या, एक हुमणीने आणि दोन ट्रॅक्टरच्या चाकाखाली. पावसाळ्यात जुलैची झड लागली तेव्हा मी रोज संध्याकाळी आडव्या चराच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचो. पाऊस उघडल्यावरही दोन दिवस त्यातून पाणी येत राहायचं, आधी गढूळ, मग नितळ. गेल्या वर्षीपर्यंत ते सगळं मुळांत उभं राहत होतं. मेहुण्याने आता दर शनिवारी एका ओळीत एक खड्डा घ्यायची सवय लावून घेतली आहे आणि फोटो मला पाठवतो. परवाच्या फोटोत गोळ्याबाहेर वीतभर आलेली पांढरी मुळं होती, बाजूला मापाला त्याने पेन ठेवला होता.